साच्यातली सूपवाली

मी दगड घडवते. रत्नागिरीत असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या हातांकडे बघतो आणि मग विचारतो, "जांभ्यात?" जांभा घर बांधायला, गडगे रचायला उत्तम. पण त्याला नाकडोळे सोसत नाहीत. बारीक काम काढायला जावं तर हाताशी ढपलाच येतो. मी काम करते ते काळ्या, कठीण काळवत्री दगडात. तो घाटावरून येतो, आणि टेम्पोतून उतरवणारी माणसं दर वेळी माझ्याकडे अशी बघतात, की या बाईला लाकूडबिकूड कोरायला काय झालं होतं!

माझी जागा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, नवऱ्याच्या शेडला लागून आहे. नवरा फायबरची कामं करतो. कोळंबीच्या प्रकल्पांना लागणारे हौद, होड्यांच्या केबिनची टपं, कधी एखाद्या बालवाडीची घसरगुंडी. भिंतीच्या एका बाजूला माझी छिन्नी वाजत असते, दुसऱ्या बाजूला त्याचं ग्राइंडर किंचाळत असतं. दुपारी जेवायला बसलो की दोघांच्याही डोक्यावर धूळ. माझी काळी, त्याची पांढरी.

दगडाचं काम सावकाश होतं आणि घडलेला दगड सावकाशच विकला जातो. तो घेणाऱ्याकडे नुसती ऐपत असून भागत नाही. अंगण लागतं, भक्कम ओटा लागतो, उचलायला माणसं लागतात. मी एक सूपवाली घडवली होती. एक गुडघा वर घेऊन बसलेली बाई, मांडीवर सूप, मान खाली, आणि बोटं तांदळात थांबलेली. निवडताना खडा सापडला की थांबतात तशी. तिच्यात मी बघितलेल्या कितीतरी बायका होत्या, पण ती अमुक एक अशी कुणी नव्हती. गावातल्याच एक शिक्षिका तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला ही फार हवीय, पण माझा तिसरा मजला आणि माझी पर्स, दोन्हींना ही झेपायची नाही.

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "साचा काढूया का हिचा?"

मी लगेच हो म्हटलं नाही. कलाशाळेत आम्हाला शिकवणाऱ्यांनी साच्यातल्या मूर्तींना कधी चांगलं म्हटलं नव्हतं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण त्यांच्या तोंडी कायम असायची. पण मी मनाशी विचार केला तेव्हा मला त्यात वावगं दिसलं नाही. रूप माझं आहे, ते मी शोधलेलं आहे. एका दगडात अडकून पडण्यापेक्षा ते चार घरांत गेलं तर माझं काय बिघडलं? मात्र मी काही गोष्टी ठरवून टाकल्या. कुणी सांगून घडवून घेतलेल्या दगडाचा साचा काढायचा नाही, कारण त्याने तो एकटा म्हणून घेतलेला असतो. ज्या दगडाचा साचा काढला, तो दगड विकायचा नाही. आणि प्रत्येक प्रतीच्या पाठीवर 'साचा' हा शब्द उमटलेला हवा. तो शब्द मी मूळ साच्यातच कोरून घेतला, म्हणजे विसरायचा प्रश्नच नको.

नवऱ्याने रबराचा साचा केला, त्यात रेझीन आणि दगडाची पूड ओतली, मागून काचेच्या धाग्यांचं अस्तर दिलं. दोन भाग जुळतात तिथे एक सांध येते. ती त्याने अशी घासली की बोट फिरवूनही कळू नये. मग करडा-काळा रंग, त्यावर बारीक ठिपके. समोरून दगडच. मी बघतच राहिले. शिक्षिकाबाईंना पहिली सूपवाली दिली तेव्हा त्यांनी ती एका हाताने उचलली आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

पुढे आमच्या सूपवाल्या हातखंब्याच्या नाक्यावरच्या एका दुकानात जाऊ लागल्या. हायवेवर गाड्या थांबतात, लोक आंबापोळी, कोकम, काजू घेतात, तिथेच एका फळीवर माझ्या बायका ओळीने बसलेल्या असायच्या. दुकानदार बोलका आणि हुशार. त्याने एकदा सुचवलं होतं की मॅडम, पाठीवरचं ते अक्षर काढता आलं तर बघा. मी नाही म्हटलं. त्यानेही विषय वाढवला नाही.

मग एका सकाळी फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, पण ठाम. म्हणाले, मी आंजर्ल्याहून बोलतोय, हातखंब्याच्या दुकानदाराने तुमचा नंबर दिला, तुम्हीच बनवलीय म्हणाला, तेव्हा तुमच्याशीच बोलायचंय. फोनवर नको, मी येतो. मी म्हटलं, या.

ते आले पुतण्याच्या गाडीतून. सत्तरी ओलांडलेले, अंगाने सडसडीत, सगळी उमर मालवाहू जहाजांवर काढलेली. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी पुतण्याच्या हातात दिलं नाही. आत आल्यावर स्वतःच माझ्या कामाच्या बाकावर ठेवलं आणि चादर सोडली.

माझीच सूपवाली होती. पण पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने तिची दशा केली होती. खांद्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता, सुपाच्या कडेवर आतले काचेचे धागे वर आले होते, चेहरा धुऊन निघाल्यासारखा पुसट झाला होता. त्यांनी ती परसदारी, विहिरीच्या कडेला उघड्यावर ठेवली होती. दगड आहे म्हटल्यावर माणूस उघड्यावरच ठेवणार.

त्यांनी सगळं सांगितलं ते शांतपणे. बायको गेली त्यानंतर ते कुडाळला लेकीकडे राहून परतत होते. हातखंब्याला चहाला थांबले आणि फळीवर ही दिसली.

"मी बोटीवरनं सुट्टीवर आलो, की पुढच्या दाराने कधी गेलो नाही," ते म्हणाले. "मागच्या दाराने जायचो. ती अशीच बसलेली असायची, सूप घेऊन. माझी पावलं ऐकली की हात थांबायचा. पण मान लगेच वर करायची नाही. थोडं थांबवायची मला."

मी सूपवालीच्या बोटांकडे बघितलं. मी तिथे खडा घातला होता. त्यांना तिथे पावलं ऐकू आली होती.

दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की एका बाईने हाताने घडवलेला दगड आहे, असा दुसरा नाही. त्यांनाही वजन जरा कमी वाटलं होतं, पण माणसाला मानायचं असलं की तो मानतो. पाऊस सरल्यावर धागे दिसले तेव्हा त्यांनी दुकानात फोन केला होता.

"ताई, अशा किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"साचा टिकेल तेवढ्या निघतील," मी म्हटलं. "आत्तापर्यंत बऱ्याच निघाल्यात."

मी मूर्ती उलटी केली. पाठीवर ग्राइंडरने घासल्याचा खडबडीत डाग होता, आणि त्याच्या कडेला शेवटच्या कान्याची एवढीशी रेघ शिल्लक होती. मी त्यांना सांगितलं की इथे 'साचा' असं लिहिलेलं होतं, प्रत्येकीवर असतं, हे कुणीतरी घासून काढलंय. त्यांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे तुम्ही लिहिलं होतंत."

"हो."

माझ्या मते माझी बाजू तिथे संपली होती. खोटं दुकानदार बोलला होता, मी नाही. पण त्यांनी मूर्ती पुन्हा सुलटी केली आणि माझ्याकडे वळवली.

"मागे तुम्ही खरं लिहिलंत. पण पुढून ही काय सांगते? हे टाकीचे घाव कसले? हिला तर कुणी टाकी लावलेलीच नाही."

मी म्हटलं, घाव माझेच आहेत, मूळ दगडावर घातलेले, साच्यातून जसेच्या तसे उतरलेले.

"बरं. आणि रंग?"

घाव माझे होते हे खरंच होतं. पण तो करडा-काळा रंग, ते ठिपके, ती घासून नाहीशी केलेली सांध, हे सगळं बघणाऱ्याला दगड वाटावं म्हणूनच केलेलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं. बोटीच्या तळाला पाणी लागलं तर ते कुठून येतंय हे बघतात, तसं ते बघत होते. मलाही राग आला नाही की शरम वाटली नाही. प्रश्न बरोबर होता, आणि तो माझ्या कामाबद्दल होता, म्हणून उत्तरही मलाच शोधायचं होतं.

त्या वेळी मला जे सुचलं ते मी केलं. त्यांना आत नेलं, मूळ दगड जिथे ठेवलाय तिथे. म्हटलं, काका, हा विकायचा नाही असं मी ठरवलंय, पण तुम्हाला हवा असेल तर तुम्ही न्या. हा एकच आहे. नवरा दारात उभा होता. त्याच्या भुवया वर गेल्या.

काका दगडाजवळ गेले. मग तळहात तिच्या डोक्यावर ठेवला आणि काढून घेतला.

"गार आहे," ते म्हणाले. वाकून चेहरा बघितला. मी नाकपुडीजवळ एक बारीक, धारदार रेघ घेतली आहे. तिच्यावर माझा फार जीव. साच्यात ती पूर्ण उतरत नाही, आणि काकांच्या मूर्तीवर तर पावसाने जे थोडं उतरलं होतं तेही नेलं होतं. ते सरळ झाले. "ही चांगली आहे. फार चांगली आहे. पण ही नव्हे. ही कोण दुसरीच आहे."

बाहेर येऊन त्यांनी आपल्या मूर्तीवर चादर अर्धी पांघरली. "हिलाच नीट करा. आणि हिच्यात खोटं काय काय आहे ते काढून टाका. उरेल ती मला द्या."

ते गेल्यावर मी छिन्नी हातात घेतली नाही. नवऱ्याला म्हटलं, टेम्पो काढ, हातखंब्याला जायचंय.

दुकानदाराने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. अक्षर घासलं हे त्याने नाकारलं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं: लोक विचारतात दगडाची आहे का. आत दगडाची पूड आहे, हे तुम्हीच सांगितलंत. मग मी हो म्हणतो.

"यात खोटं काय आहे मॅडम, सांगा तुम्ही," तो म्हणाला. "पीठ तांदळाचं असलं, तर भाकरीही तांदळाचीच म्हणतात ना?"

भाकरी कुणी तांदळाचा दाणा म्हणून विकत नाही, एवढंच मी त्याला म्हटलं. फळीवरच्या सगळ्या सूपवाल्या आम्ही उतरवून टेम्पोत भरल्या. दुकानदार दारापर्यंत आला. मिरजोळ्यात तुमच्याकडे कोण गिऱ्हाईक वाट वाकडी करून येणार आहे, असं तो म्हणाला, आणि ते काही चुकीचं नव्हतं. घरातलं कोकम संपलं होतं, ते मी त्याच्याकडूनच घेतलं. त्याचं कोकम चोख असतं.

खरं भांडण झालं ते घरी. मी नवऱ्याला सांगितलं की यापुढे रंग नको. मिश्रणाचा मूळचा रंग जो येईल तो राहू दे. आणि सांध घासायची नाही. रंग त्याने मान्य केला. सांधेवर मात्र तो अडून बसला. त्याचं आयुष्य सांधा लपवण्यात गेलेलं. होडीच्या टपाला सांध दिसली तर तो ते टप शेडबाहेर जाऊ देत नाही.

"सांध दिसणं म्हणजे काम कच्चं," तो म्हणाला. "लोक म्हणतील, याला घासायला वेळ नव्हता."

"म्हणू देत. म्हणजे ते विचारतील, आणि मग मी सांगेन. पाठीवरचं अक्षर कुणीही घासून काढतो. ही रेघ काढायला गेला तर वरचा थर खरवडला जाईल, आणि झाकायला रंग नाही. लपवताच येणार नाही."

"तू तुझ्या दगडावर अर्धवट काम ठेवशील?"

"हे अर्धवट नाही. ही अशीच जन्मलीय."

तो जेवला आणि पाठ करून झोपला. आमच्यात एकेरी बोलणं आहे, त्यामुळे भांडणही बरोबरीचं होतं. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर तो एक नवी सूपवाली घेऊन बसला होता. बिनरंगाची, ताकात हळदीचं बोट बुडवावं तशा फिकट रंगाची. सांध ठेवली होती. पण आमच्याकडे साच्यातून निघते तशी वेडीवाकडी नव्हे. त्याने पातीने तिच्या दोन्ही कडा साफ केल्या होत्या, आणि भांगापासून कानामागून, खांद्यावरून खाली बैठकीपर्यंत एक सारखी, उठावदार रेघ गेली होती.

"ठेवायचीच तर नीट ठेवू," तो म्हणाला.

काकांची मूर्ती दुरुस्त करायला जास्त वेळ लागला. सगळा रंग उतरवला. काचेचे धागे कापून टाकणं सोपं होतं, पण मी ते दाबून बसवले आणि वरून पारदर्शक थर दिला. सुपाच्या कडेला ते तुसासारखे दिसत राहिले. चेहऱ्याला मी हात लावला नाही. मधे एकदा फोन करून विचारलं की अगदीच फिकट दिसते, थोडा मातकट हात देऊ का? ते म्हणाले, माझी बायको सावळी होती, पण ते मला माहीत आहे, तिच्यावर लिहायला नको.

आम्ही दोघे ती घेऊन आंजर्ल्याला गेलो. दापोलीवरून पुढे रस्ता उतरतो तिथपासून नवरा गाडी जपून चालवत होता, जणू मागे कुणी बसलंय. घर वाडीत, माडांच्या आत. काकांनी मागच्या दाराशी, छपराखाली, पाऊस लागणार नाही असा एक कोपरा साफ करून ठेवला होता. मूर्ती ठेवून होते तोवर शेजारच्या दोघी जणी आल्या. त्यातल्या एकीने न विचारताच ती उचलली आणि चकित झाली.

"अगो बाई, ही तर सुपाएवढीच हलकी!"

दुसरी म्हणाली, "वहिनी तरी कुठे जड होत्या."

काका हसले. मग त्यांनी त्या दोघींना ती कशी बनते ते समजावून सांगितलं. रबर, रेझीन, दोन भाग, ही इथली सांध. मी जे त्यांना मिरजोळ्यात सांगितलं होतं ते सगळं त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं, आणि आपल्या घरातलीच वस्तू असल्यासारखं ते सांगत होते. अशा पुष्कळ आहेत हेही सांगितलं. एकीने विचारलं, मग ही तुमची कशावरून? ते म्हणाले, ही माझ्या दारात पावसात बसली होती, म्हणून. मला आणि नवऱ्याला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे तिसऱ्यांची, त्या बारक्या शिंपल्यांची, आमटी होती आणि ती त्यांनी स्वतः केली होती.

यानंतर काही काळ प्रती कमी गेल्या. मिरजोळ्यात मी मूळ दगड आणि प्रत शेजारी शेजारी ठेवली आहे. येणाऱ्याला दोन्हींवर हात ठेवायला सांगते. दगड गार लागतो, प्रत लागत नाही, आणि मग कुणाला काही समजावावं लागत नाही. काही जण प्रत बघून नाक मुरडतात. काही दगड बघून दबतात आणि प्रतीशी मोकळे होतात. दोघांचंही मला पटतं. कालांतराने हातखंब्याच्या दुकानदाराचाच फोन आला की लोक ती रेघवाली बाई मागतायत, द्याल का? मी दिल्या. आता तो गिऱ्हाइकाला आधी रेघच दाखवतो. अस्सल साच्यातली आहे, रेघ बघा, असं म्हणतो. 'अस्सल साच्यातली' हे ऐकून नवरा खूप हसला. मी मात्र त्याला ते बोलणं बदलायला सांगितलं नाही. त्यात काही खोटं नव्हतं.

गेल्या महिन्यात एक हॉटेलवाले माझ्याकडे आले होते. समुद्राकाठी नवीन जागा बांधतायत. मोबाइलवर त्यांनी मला फोटो दाखवले. आतल्या एका गावात, देवळामागे उभे असलेले जुने वीरगळ. ढाल-तलवार घेतलेला वीर, वर त्याला न्यायला आलेल्या अप्सरा. झिजलेले, शेवाळलेले, पण काय हात होता घडवणाऱ्याचा! याचे साचे काढा, म्हणाले, भिंतीत बसवायचेत, आणि रेघ ठेवा तुमची, माझी हरकत नाही.

मी विचारलं, गावाला विचारलंत का? ते म्हणाले, घडवणारा मरून किती शतकं झाली, तो काय विचारणार आहे, आणि मालक तरी कोण आहे त्या दगडांचा? मी म्हटलं, मालक कोण ते मला माहीत नाही, पण तुम्ही नाही आणि मीही नाही, एवढं नक्की. सूपवालीचे घाव माझे होते, म्हणून मी ते देऊ शकले. हे घाव कुणा दुसऱ्याचे आहेत, आणि त्यांच्यापुढे कुणीतरी अजून दिवा लावतं. गावकऱ्यांना बसवून विचारा, मीही येते, आणि ते हो म्हणाले तर साचा काढते. नाही म्हणाले तर तुमच्या भिंतीसाठी मी नवीन काहीतरी घडवते. त्यालाही वेळ लागेल.

विचार करतो म्हणाले आणि गेले. अजून त्यांचा फोन नाही. मी वीरगळांचा फोटो माझ्या मोबाइलवर मागून घेतला होता, तो अधूनमधून बघते. त्या अप्सरांच्या हातांची ठेवण मला अजून जमलेली नाही. शेडच्या मागे एक काळवत्री दगड पडून आहे, उभट, जरा तिरका. काल तो धुऊन घेतलाय.